प्रेअरीवरच्या तळ्याकाठी टेंट लावायचाय? कॅन्ससबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल लागला की मला तेच तेच प्रश्न यायला लागतात, बर्थडे पार्टीत हातात प्लेट धरून, इंडियन ग्रोसरीच्या लाइनीत, एकदा तर डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये गाल सुजलेला असताना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही कॅन्सस सिटीच्या बाजूला राहतो, बरीच वर्षं टेंट घेऊन कॅन्ससच्या तळ्यांवर जातोय. आरव्ही (घरासारखी गाडी) नाही, केबिन नाही, नुसता टेंट. त्यामुळे खालचं सगळं टेंटवाल्यांसाठी आहे, हुकअप (गाडीला वीज-पाण्याचं कनेक्शन) वगैरे मला विचारू नका.

कॅन्ससमध्ये तळी आहेत? तिथे तर नुसता सपाट मका ना?

आहेत, भरपूर आहेत, फक्त जवळजवळ सगळी माणसानं केलेली. निसर्गानं इथे तळी देताना हात आखडताच घेतला. पाटीवर ‘लेक’ लिहिलेलं असलं तरी आपण समजायचं की हे धरणाचं बॅकवॉटर आहे. कॅनोपोलिसचं धरण १९४८ला झालं, मग जुलै १९५१मध्ये कॅन्सस नदीला एवढा भयानक पूर आला की खाली कॅन्सस सिटीपर्यंत सगळं बुडालं, आणि त्यानंतर धरणांचा धडाकाच लागला. टटल क्रीक १९६२, विल्सन १९६४, मिलफर्ड त्यानंतर. बहुतेक मोठी धरणं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर खात्याची. याशिवाय राज्य सरकारची छोटी छोटी ‘स्टेट फिशिंग लेक’ आहेत, चाळीसच्या आसपास, गावाबाहेर कुठेतरी गवतात लपलेली, आणि खरी शांतता हवी असेल तर ती तिथे आहे.

सपाट म्हणाल तर तेही अर्धसत्य. आय-सेव्हन्टी हायवेवरून ताशी १३० किलोमीटरच्या स्पीडनं जाताना सगळंच सपाट दिसतं. फ्लिंट हिल्समध्ये उतरून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या माळरानासारखे चढउतार, झाड औषधाला नाही, आणि मध्येच खोलगट भागात निळं पाणी.

पहिल्यांदा जायचं तर कुठे जाऊ?

लहान मुलं असतील, किंवा बायकोला अजून पटलेलं नसेल, तर स्टेट पार्कपासून सुरुवात करा. शॉवर असतो, प्यायचं पाणी असतं, रात्री काही झालं तर आसपास माणसं असतात. माझं मत विचाराल तर विल्सन. कॅन्सस सिटीपासून साडेतीन तास लागतात पण कॅन्ससमधलं सगळ्यात नितळ पाणी तिथलंच. बाकीची धरणं चहासारखी गढूळ, हे हिरवट निळं. नदीचं नावच सलाइन रिव्हर, पाणी खरंच थोडं मचूळ आहे. काठावर लाल सँडस्टोनचे खडक, लुकस पार्कमधून रॉकटाउन नावाची ट्रेल जाते, तिथले खडक बघून माझा मुलगा म्हणाला की हे कुणीतरी ठेवून विसरलंय. येताना शेतांचे खांब बघा, दगडाचे आहेत. या भागात लाकूडच नव्हतं म्हणून लोकांनी चुनखडीचा दगड कापून कुंपणाचे खांब केले, मैलोन् मैल, आणि ते शंभर वर्षांनीही तसेच उभे.

दोन तासात पोचायचं असेल तर टटल क्रीक किंवा मिलफर्ड. मिलफर्ड हे राज्यातलं सगळ्यात मोठं. टटल क्रीकला जाणार असाल तर दक्षिणेकडे, धरणाच्या बाजूला राहा, उत्तरेकडचा भाग गाळानं भरत चाललाय, जवळपास निम्मी साठवण गाळानं खाल्लीय, तिथे काठ म्हणजे नुसता चिखल.

आणि टेंटची सवय झाली की मग फिशिंग लेक. कॉटनवुड फॉल्सजवळचं चेस स्टेट फिशिंग लेक माझं सगळ्यात आवडतं, धरणाखाली छोटे धबधबे आहेत, कॅन्ससमध्ये धबधबा म्हटल्यावर लोक हसतात, मग फोटो दाखवावा लागतो. टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह तिथून जवळ आहे, तिथे बायसन आहेत पण मुक्काम करता येत नाही, म्हणून दिवसा तिकडे आणि रात्री तळ्यावर. मॅकफर्सन स्टेट फिशिंग लेक तर मॅक्सवेल वाइल्डलाइफ रेफ्यूजच्या कडेलाच, म्हणजे कुंपणापलीकडे बायसनचा कळप आणि अलीकडे तुमचा चहा.

लांब जायची तयारी असेल तर लेक स्कॉट. पश्चिमेला सहा तास. झऱ्याच्या पाण्यावरचं तळं, दोन्ही बाजूंना कडे, आणि एल क्वार्टलेहो नावाचे प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या वस्तीचे अवशेष. तिथून लिटल जेरुसलेमचे पांढरे खडक बघून या. ते पार्क २०१९ला उघडलं, तिथेही मुक्काम नाही.

बुकिंग लागतं का? खर्च किती?

तीन दुकानं आहेत असं समजा. स्टेट पार्कचं बुकिंग राज्याच्या कॅम्प इट केएस साइटवर, आणि गाडीचं परमिट वेगळं लागतं हे लोक विसरतात. वर्षात तीन-चारदा जाणार असाल तर गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पार्क पासपोर्ट घेऊन टाका, खूपच स्वस्त पडतो. आर्मी कोअरच्या पार्कांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर. आणि फिशिंग लेकवर बहुतेक ठिकाणी बुकिंगच नाही, पैसेही नाहीत, जा आणि ठरवून दिलेल्या जागेत टेंट टाका. फुकट आहे म्हणजे पाणी नाही, लाइट नाही, कचऱ्याचा डबाही नसू शकतो, हे धरून चला.

मेमोरियल डे (मे अखेरची सुट्टी) आणि फोर्थ ऑफ जुलैला मोठ्या धरणांवर जाऊ नका. शांतता शोधायला गेलात आणि शेजारी जेट स्की, जनरेटर आणि फटाके. मंगळवारी गेलात तर तेच तळं तुमच्या एकट्याच्या मालकीचं.

कुठला महिना चांगला?

सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. यावर मी वाद घालायला तयार नाही. गवत तांबूस झालेलं असतं, हे मोठं ब्लूस्टेम गवत खांद्याच्या वर जातं, किडे कमी, रात्री गोधडी लागेल एवढी थंडी.

मार्च-एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्समध्ये शेतकरी माळ जाळतात. वणवा नाही, मुद्दाम, नवीन गवत चांगलं फुटावं आणि झाडं माजू नयेत म्हणून. रात्री डोंगरावर आगीची रेघ सरकताना दिसते, बघण्यासारखं असतं, पण दमा असलेल्यांनी त्या दिवसांत लांब राहावं. मे-जून हिरवंगार पण वादळांचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३८ डिग्री आणि रात्रीही टेंटमध्ये इडलीपात्रात बसल्यासारखं, आम्ही एकदा केलं, परत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, फिशिंग लेकच्या आसपास पब्लिक हंटिंग असतं. १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, त्या दिवशी पहाटे बंदुकांच्या आवाजानं जाग आली तर घाबरू नका. नोव्हेंबरमध्ये फिरायला निघताना अंगात भडक केशरी जॅकेट हवंच.

टेंट कुठला घेऊ? मोठा, उभं राहता येईल असा बघितलाय.

नको. प्लीज नको. इथे सगळं वारा ठरवतो. कॅन्सस हे नाव इथल्या ज्या मूळनिवासी कान्झा लोकांवरून आलं त्यांच्या नावाचा अर्थ दक्षिण वाऱ्याचे लोक असा सांगतात, आणि ते उगाच नाही. दिवसभर दक्षिणेकडून वारा, संध्याकाळी जरा पडतो, आपण निवांत होतो आणि मग रात्री कुठूनही उठतो.

आमची पहिली ट्रिप सांगते. विल्सनवर एक जमिनीचं टोक पाण्यात गेलंय, तिन्ही बाजूंना तळं, आम्हाला वाटलं काय जागा मिळालीय, लोकांना कळत कसं नाही. आठ माणसांचा, भिंती उभ्या असलेला, सेलमध्ये घेतलेला टेंट. लोकांना सगळं कळत होतं. रात्री अकराला वारा आला. आधी कापड फडफडायला लागलं, मग एक भिंत आत आली आणि माझ्या तोंडाला चिकटली, नवरा मधला खांब दोन्ही हातांनी धरून उभा, मी दोन पोरांना उशांसकट गाडीत टाकलं आणि परत येईपर्यंत खांब छत्रीच्या काडीसारखा मोडलेला. टेंटबरोबर आलेल्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी दोनच सापडल्या. रात्र गाडीत काढली, चौघं, एक पाय स्टिअरिंगवर.

आमच्यापासून ५० पावलांवर एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते, सीडरच्या झाडांच्या उत्तरेला, बुटका दोन माणसांचा टेंट. तो हललासुद्धा नाही. सकाळी ते कॉफीचा थर्मास आणि एक फूट लांबीचे लोखंडी खिळे घेऊन आले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, डोक्याखाली वॉशर घातलेले. म्हणाले हे ठोका. ते खिळे अजून आमच्याकडे आहेत.

तर: बुटका, घुमटासारखा टेंट. माणसं चार असतील तर सहाचा घ्या पण उंची कमी बघा. झाडांची रांग दक्षिणेला राहील असं बसा, मात्र वाळलेल्या फांदीखाली किंवा एकट्या मोठ्या कॉटनवुडखाली नाही, त्याच्या फांद्या सांगून पडत नाहीत. टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडे. सगळ्या दोऱ्या बांधा, हवा शांत असली तरी. फ्लिंट हिल्समध्ये माती चार बोटं आणि खाली गारगोटीचा दगड, तिथे प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, लोखंडीच हव्यात आणि सोबत हातोडा. दिवसा फिरायला जाताना टेंटमध्ये कॅन, बॅगा असं काही वजन ठेवून जा. रिकामा टेंट तळ्यात पोहताना मी स्वतः बघितलाय, आमचा नव्हता हे नशीब.

टॉर्नेडो आला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि येऊ दे, बरोबरच आहे. टेंटला वादळात काही अर्थ नाही, ते एक कापड आहे.

मे-जूनमध्ये जायचं ठरवलंत तर निघायच्या दिवशी सकाळी नॅशनल वेदर सर्व्हिसचं फोरकास्ट बघा, धोका दाखवत असेल तर घरी राहा, भजी करा. साइट सोडवत नाही म्हणून गेलो असं करू नका, २०-२५ डॉलर बुडाले तर बुडाले. वॉच आणि वॉर्निंग यातला फरक मुलांनाही पाठ पाहिजे. वॉच म्हणजे वादळ होण्यासारखी परिस्थिती आहे, सामान आवरा, गाडीची किल्ली खिशात ठेवा. वॉर्निंग म्हणजे आलंय, आत्ता पळा. बऱ्याच तळ्यांवर फोनला रेंज नसते, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या, एकदाच घ्यायचा आणि टेंटच्या पिशवीतच ठेवायचा.

पोचल्यावर आधी टेंट नाही, आधी आसरा शोधायचा. काही पार्कांत काँक्रीटची शॉवर हाउस वादळात थांबायला म्हणूनच बांधलेली आहेत, बाहेर पाटी असते. फिशिंग लेकवर असलं काही नसतं, तिथे ढग काळे-हिरवे दिसायला लागले की उठून जवळच्या गावात जायचं, आधीच, वादळ दिसल्यावर नाही. नुसत्या विजांसाठी पक्क्या टपाची गाडी चालते, टॉर्नेडोसाठी गाडी चालत नाही.

एकदा रात्री तीनला आम्ही सगळे बायकांच्या शॉवर हाउसमध्ये होतो, तीसेक माणसं, दोन ओले कुत्रे, एका मुलीच्या मांडीवर गिनी पिगचा पिंजरा. बाहेर गारा पत्र्यावर वाजतायत. कुणी काही बोलेना. मग मी चिवड्याचा डबा फिरवला. एका काकूंनी, त्या नेब्रास्काच्या सीमेवरच्या, शेंगदाणे वेचून खाल्ले आणि विचारलं की यात पिवळं काय आहे, आणि हळदीवर अर्धा तास गप्पा झाल्या. सायरन थांबला तेव्हा डबा रिकामा. आमचा टेंट शाबूत होता, खिळ्यांची कृपा.

अस्वलं, साप, किडे?

अस्वलाची काळजी सोडा. कायोटी रात्री ओरडतात, आपल्याकडच्या कोल्हेकुईचा मोठा भाऊ समजा, जवळ येत नाहीत. खरा चोर म्हणजे रकून. त्याला हात आहेत, झिप उघडता येते, कूलरचं झाकण उघडता येतं. आमचं श्रीखंड त्यानं डब्यासकट नेलं. सगळं खाणं गाडीत, टेंटमध्ये बिस्किटाचा पुडासुद्धा नको.

साप आहेत. कॉपरहेड पूर्वेला, रॅटलस्नेक पूर्वेला-पश्चिमेला दोन्हीकडे. पाण्यात दिसणारा बहुतेक वेळा बिनविषारी पाणसाप असतो. दगडाखाली, लाकडाच्या ढिगात हात घालू नका, रात्री टॉर्च आणि बूट. एवढं केलंत की पुरे.

किड्यांबद्दल मात्र मी गंभीर आहे. चिगर नावाचा प्रकार डोळ्याला दिसत नाही, उंच गवतातून अंगावर चढतो आणि जिथे कपडा घट्ट तिथे चावतो, मोज्याची कड, कमरेचं इलॅस्टिक. दुसऱ्या दिवशी जी खाज सुटते ती आठवडाभर. तो कातडीत शिरून बसतो हे खोटं आहे, त्यामुळे नेलपॉलिश लावायचा घरगुती उपाय करू नका, साबणानं अंघोळ करा. गोचीड त्याहून वाईट. इथे लोन स्टार नावाची गोचीड आहे, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका, तिच्या चाव्यानं काही लोकांना मटणाची ॲलर्जी होते. थट्टा नाही. मटण, बीफ, पोर्क सगळ्याची, आणि खाल्ल्यावर काही तासांनी रिॲक्शन येते त्यामुळे लोकांना आधी कळतच नाही. कोल्हापूरकरांनी हे दोनदा वाचावं. उपाय: पँट मोज्यात खोचा, दिसेल कसंही दिसू दे, कपड्यांना आणि बुटांना घरूनच परमेथ्रिन (किडे मारायचं औषध) मारून वाळवून न्या (अंगाला नाही, आणि ओलं असताना मांजराला लांब ठेवा), अंगाला डीटचा स्प्रे, आणि झोपायच्या आधी काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, मुलांना टॉर्च घेऊन तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायची, काडी पेटवायची नाही.

तीन पानांचा वेल दिसला की हात लावू नका. पॉयझन आयव्ही आहे, आपली खाजकुयली बरी असं वाटेल.

पाण्यात पोहता येतं का?

स्टेट पार्कच्या बीचवर हो. फिशिंग लेकवर पाटी वाचा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. पण त्याआधी ब्लू-ग्रीन अल्गी, म्हणजे विषारी शेवाळ, आहे का ते बघा. उन्हाळ्यात शेतातलं खत वाहून तळ्यात येतं, पाणी तापलेलं असतं, आणि मग हिरवा रंग सांडल्यासारखा थर येतो. मिलफर्ड आणि मॅरियन यात नावाजलेली आहेत. राज्याचं आरोग्य खातं तळ्यांची यादी काढतं, वॉच, वॉर्निंग, हॅझार्ड अशी, निघायच्या आधी ती बघायची. वॉर्निंग असेल तर पाण्यात जायचं नाही, आणि कुत्र्याला तर काठावरही सोडायचं नाही, कुत्री ते पाणी पितात, मग अंगाला लागलेलं चाटतात आणि मरतात. उकळून हे विष जात नाही म्हणून तळ्याचं पाणी गाळून-उकळून वापरू हा आपला देशी आत्मविश्वास इथे कामाचा नाही. माणशी दिवसाला चार लिटर घरून न्या, उन्हाळ्यात जास्त.

टॉयलेट?

स्टेट पार्कात फ्लश. बाकीकडे व्हॉल्ट टॉयलेट, म्हणजे मोठा खड्डा आणि वर स्वच्छ खोली. टिश्यू स्वतःचा न्या. तांब्याही न्या, कुणी बघत नाही.

जेवणाचं काय करता?

सुरुवातीला मी अर्धं स्वयंपाकघर उचलून न्यायचे. आता दोन बर्नरचा स्टोव्ह, एक कढई, एक छोटा कुकर, तवा. पहिल्या रात्रीचं घरून करून नेते, दशम्या आणि कोरडी चटणी, कारण पोचून टेंट लावेपर्यंत सगळ्यांची डोकी फिरलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, कांदा घरूनच चिरून. संध्याकाळी पिठलं-भात. वाऱ्यात स्टोव्ह पेटत नाही, गाडीच्या आडोशाला लावा, पत्र्याची विंडस्क्रीन घ्या. टेंटच्या आत स्टोव्ह कधीही नाही, थंडीतही नाही, कार्बन मोनॉक्साइडनं माणसं जातात.

जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवर शेतकऱ्यांचे स्वीट कॉर्नचे टेम्पो उभे असतात, डझनभर घ्या, सालासकट निखाऱ्यावर, मग लिंबू-तिखट-मीठ. वांगंही निखाऱ्यात टाकते, भरीत घरच्या गॅसवर असं होत नाही. एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा पलीकडच्या साइटवरचा माणूस धावत आला की तुमचा प्रोपेन फुटतोय. त्याला वरणभात खाऊ घातला.

शेकोटी चालते? लाकूड घरून आणू?

लोखंडी रिंग असेल तिथेच, आणि काउंटीचा बर्न बॅन (आग पेटवायला बंदी) नसेल तरच. वारा असेल त्या दिवशी बॅन नसला तरी करू नका, वाळलेलं गवत आहे, ठिणगी पळते. लाकूड तिथेच, जवळच्या गावात विकत घ्या. घरचं नेऊ नका, ॲश झाडांना मारणारा एमरल्ड ॲश बोरर लाकडातूनच फिरतो, कॅन्ससमध्ये तो २०१२ला सापडला.

भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना नेऊ का?

न्या. पण खाली झोपवू नका, उंच कॉट घ्या, आणि रात्री उठायला टॉयलेटजवळची साइट. लोक विचारतात ६२ वर्षांवरचा सीनियर पास त्यांना मिळेल का, कोअरच्या पार्कात त्यावर मुक्काम निम्म्या पैशात होतो ना. नाही मिळत, तो फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना. बाबांना गळ टाकायचा असेल तर नॉन-रेसिडेंट लायसन्स काढावं लागेल, १६ किंवा त्याहून मोठ्या कुणालाही.

माझ्या बाबांचं सांगते. आम्ही इंदापूर तालुक्यातले, उजनीचं पाणी गावाच्या वेशीपर्यंत. बाबांनी पळसदेव पाण्यात जाताना बघितलंय, अजूनही उन्हाळ्यात उजनी फार खाली गेली की तिथलं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि लोक बघायला जातात. त्यांना टटल क्रीकला नेलं. धरणावर उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गावं किती गेली?” मी तोपर्यंत इतक्यांदा येऊन हा विचारच केला नव्हता. मग वाचून काढलं. रँडॉल्फ गाव उचलून वर नेऊन वसवलं, बाकीची काही गावं कायमची गेली. ब्लू रिव्हरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी खूप विरोध केला, बायका पुढे होत्या, १९५२च्या निवडणुकीत त्यांनी वर्षानुवर्षं रिपब्लिकन असलेल्या मतदारसंघातून धरणविरोधी डेमोक्रॅट, हॉवर्ड मिलर, काँग्रेसमध्ये पाठवला. तरी धरण झालंच. आयर्विंग नावाचं एक गाव तर असं की धरणासाठी लोकांना उठवलं, १९६०मध्ये गाव मोडलं, आणि पाणी तिथे येऊन राहिलंच नाही. आता तिथे एक दगड आहे आणि एक टपालपेटी, त्यात वही, आलेले लोक नाव लिहून जातात. बाबांना तिथेही नेलं. त्यांनी मराठीत लिहिलं. काय ते मला वाचू दिलं नाही.

बायकांनी एकट्या जाणं सेफ आहे का?

आम्ही तिघी मैत्रिणी जातो. होस्ट, म्हणजे तिथेच राहून देखरेख करणारं माणूस, असलेलं पार्क निवडतो, घरी साइट नंबर सांगून ठेवतो, आणि अंधार पडायच्या आत पोचतो. लवकर पोचायचं आणखी एक कारण हरणं, संध्याकाळी रस्त्यावर उड्या मारतात. एक सूचना, मॅप शॉर्टकट दाखवतो आणि पुढे ‘मिनिमम मेंटेनन्स रोड’ अशी पाटी लागते, पाऊस पडून गेला असेल तर तिथूनच मागे फिरा. आम्ही नाही फिरलो. चाकं काळ्या चिखलात अर्धी गेली, एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून काढलं, पैसे घेईना, शंकरपाळ्यांची पिशवी मात्र घेतली. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

ग्रुपनं जायचंय, स्पीकर नेला तर चालेल?

कोअरच्या पार्कात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता हा नियम आहे. नियम सोडा, पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते तुम्हाला माहीत नाही. एकदा पलीकडच्या काठावरच्या नवराबायकोचं भांडण आम्ही शब्दन् शब्द ऐकलंय, विषय सासूबाई. वीस जणांची अंताक्षरी करायची असेल तर शहरातलं पार्क घ्या ना, कशाला एवढं ड्रायव्हिंग.

तिथे दिवसभर करायचं काय पण?

काही नाही. हे पटत नसेल तर जाऊ नका, खरंच सांगते, आपल्याला दर दोन तासांनी पॉइंट बघायची सवय असते. तरी हवंच असेल तर: विल्सनवरून लुकस गावातलं गार्डन ऑफ ईडन, एका माणसानं १९०७पासून अंगणात सिमेंटचे पुतळे करून ठेवलेत, डोकं गरगरेल. कॅनोपोलिसवरून मशरूम रॉक. टटल क्रीकच्या स्पिलवेखाली (सांडव्याखाली) १९९३च्या पुरात पाण्यानं खडक कोरून जी घळ केली तिथे जीवाश्म दिसतात.

आणि रात्री तारे. अमावस्येच्या आसपासची तारीख धरा, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, डोळ्यांना वीस मिनिटं अंधार द्या, फोन उलटा ठेवा. याचं वेडच लागलं तर नेब्रास्कात सँडहिल्समधल्या मेरिट रिझर्व्हॉयरला जा, नेब्रास्का स्टार पार्टी तिथेच भरते.

मासे मिळतात का?

क्रॅपी, कॅटफिश, वॉलाय, विल्सनला स्ट्रायपर. एप्रिलमध्ये व्हाइट बास नदीत वर चढतात तेव्हा नवशिक्यालाही मिळतात. क्रॅपीचा रवा फ्राय उत्तम, काटे कमी. किती आणि केवढे ठेवायचे हे तळ्यागणिक वेगळं. बोट किंवा कयाक असेल तर धुऊन, पाणी काढून, वाळवूनच दुसऱ्या तळ्यात घाला, झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले पसरतात, २००३ला एल डोराडोमध्ये सापडले तेव्हापासून हीच डोकेदुखी चाललीय.

सकाळी दवानं टेंट ओला असतो, तसाच गुंडाळला तर?

घरी पोचेपर्यंत चालेल, त्याच दिवशी उघडायचा. एकदा कंटाळा केला, तीन आठवड्यांनी पिशवी उघडली, काळी बुरशी आणि वास असा की टेंट टाकून द्यावा लागला. आता आल्या आल्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढून, तिथे दोन शिड्यांवर दोरी बांधून टेंट पसरायचा, आतला चारा-गवत झटकायचं, आणि बघा, सोबत एखादी गोचीड आली असेल तर तिथेच सापडते. सोमवारी सकाळी गाडीवर बर्फ असो की गारा, टेंट वाळेपर्यंत गाडी बाहेर. हे घरात आधीच ठरवून घ्या.